शेवटच्या नळाची सुनावणी

मला सगळे भोंगा म्हणतात. खरं नाव घरचे सोडून कुणाला आठवत नाही, आणि घरचेही आता विसरत चाललेत.

तीनचाकी गाडी, टपावर दोन कर्णे, आत मी. पाणीखात्याच्या घोषणा करायचं काम माझ्याकडे होतं. 'उद्या दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद राहील' हे ज्या आवाजात ऐकू येतं ना, तो आवाज माझा. रेकॉर्डिंग, तारा जोडणं, आवाज साफ करणं, सगळं मोबाइलवर बघून बघून शिकलो. घोषणेआधी एक धून वाजते, टिंग-टाँग-टिंग, तीसुद्धा मीच बसवली. नुसतं बोलायला लागलो तर सुरुवातीचे शब्द वाया जातात. धून वाजली की लोक कान देतात, असा माझा हिशोब.

तो हिशोब कसा बोंबलला तेच सांगतोय.

आमच्या ताईची लाँड्री आहे, खालच्या गल्लीच्या अगदी टोकाला. टाकीपासून निघालेली लाइन बाजार, शाळा, वरची आळी, खालची गल्ली असं करत करत ताईच्या नळात येऊन संपते. तिच्यापुढे पाइपच नाही. गल्लीत कुणी पत्ता विचारला तर सांगतात, शेवटच्या नळावर जा. ताई दवाखान्याच्या चादरी धुते. सकाळी मळक्या यायच्या, संध्याकाळी इस्त्री करून जायच्या. संध्याकाळची गाडी एकदा चुकली तर दवाखाना दुसरीकडे जाईल, आणि दवाखाना गेला तर लाँड्रीला कुलूप. मग घराचं काय ते सांगायला नको. भावजींचा खांदा निखळल्यापासून घर त्या नळावरच चाललंय.

तर खात्यातून निरोप आला. नवीन मजकूर आहे, येऊन घेऊन जा.

मोठे साहेब स्वतः भेटले. हीच पहिली विचित्र गोष्ट, कारण एरवी मजकूर शिपाई देतो. साहेबांनी बसायला सांगितलं. म्हणाले, टेकडीवरच्या वस्तीला पाणी द्यायची योजना मंजूर झालीय, जोडणी करण्याआधी लोकांची सुनावणी घ्यावी लागते, आणि सुनावणीची घोषणा गाडी फिरवून करावी लागते. नियम आहे. मी म्हटलं, उद्यापासून फिरतो. साहेब टेबलावरचं पेपरवेट फिरवत म्हणाले, आवाज जरा बेताचा ठेव. मोठ्या रस्त्याने जा, गल्ल्याबोळांत गाडी घालायची गरज नाही. लोक कामात असतात, उगाच त्रास नको.

आजवर हाच माणूस मला सांगायचा की भोंग्या, आवाज बाजारापर्यंत आला नाही, तुझे कर्णे तपास.

मजकूर वाचला. 'उंच भागातील पाणीपुरवठा विस्तारीकरणाच्या अनुषंगाने विद्यमान वितरण व्यवस्थेत करावयाच्या फेरबदलांबाबत हरकती व सूचना...' आणि असंच पुढे. मी असे कितीतरी मजकूर वाचलेत, पण वाचताना दम लागला आणि अर्थ काहीच लागला नाही असा हा पहिलाच. म्हणून मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे खात्याच्या इंजिनिअर. नकाशे त्यांचे, पाइपांचं गणित त्यांचं. कुठला शब्द कुठे तोडायचा हे मी त्यांनाच विचारतो, आणि त्यासुद्धा वैतागत नाहीत.

त्यांनी कागदावर पेन्सिलीने रेघा मारून दिल्या, इथे थांब, इथे श्वास घे. मी विचारलं, मॅडम, फेरबदल म्हणजे नक्की काय करणार?

त्या म्हणाल्या, टेकडीची नवीन लाइन जुन्या लाइनला जोडणार.

कुठे?

शाळेच्या पुढे.

मी मनातल्या मनात लाइनवरून चालत गेलो. टाकी, बाजार, शाळा. मग वरची आळी. मग खालची गल्ली. मग ताई.

म्हटलं, म्हणजे टेकडीचं पाणी आमच्या आधी वळणार. टाकी तर तीच आहे ना? नवीन टाकी?

दुसऱ्या टप्प्यात, म्हणाल्या.

मग शेवटच्या नळाला काय उरणार?

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. दाराकडे बघितलं. दार उघडं होतं आणि बाहेर साहेबांचा शिपाई फाइली उगाच इकडून तिकडे करत होता.

"हे सुनावणीत विचारायचं असतं," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारल्याशिवाय तिथे बोलता येत नाही. विचारलं, तर खोटं बोलता येत नाही. माझ्या हातात एवढंच आहे."

"आणि कुणीच नाही विचारलं तर?"

"तर हरकती निरंक, असं लिहिलं जातं. निरंक म्हणजे एकही नाही."

कागद घेऊन बाहेर आलो. उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. पण उत्तर चांगलं असतं तर देऊन टाकलं असतं, एवढी अक्कल मला आहे.

दुसऱ्या दिवशी आवाज फुल्ल ठेवला. मोठा रस्ता सोडून सरळ बोळात शिरलो. साहेबांनी विचारलं तर सांगणार होतो, बटण अडकलं.

टिंग-टाँग-टिंग. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की...'

आणि गल्ली पेटली म्हणजे पेटलीच. खिडक्या धाडधाड उघडल्या, आणि बंदही झाल्या. आतून भांड्यांचा आवाज. बादल्या, पिंपं, पातेली, जे हाताला लागेल ते. एक आजोबा अर्धी दाढी केलेले तसेच तोंडाला फेस घेऊन घरात पळाले. मी म्हटलं वा, काय प्रतिसाद आहे. जरा पुढे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ही धून वाजली की पुढे एकच गोष्ट यायची, उद्या पाणी नाही. लोकांनी पुढचं ऐकणं केव्हाच सोडलं होतं. टिंग-टाँग ऐकलं की पाय आपोआप नळाकडे. मी काय बोलतोय ते एकाही माणसाच्या कानात गेलं नव्हतं.

ताईच्या दारात गाडी थांबवली. ती दोन्ही नळ सोडून टाकी, टब, चादरी भिजवायचे हौद, सगळं भरत होती. कमरेला पदर खोचलेला, घामाघूम.

म्हणाली, "आधी फोन करून सांगता येत नाही? घरचा भोंगा असून मला रस्त्यावरून कळतं."

"अगं पाणी जाणार नाहीये. सुनावणी आहे."

"कशाची?"

"पाण्याची."

"म्हणजे जाणारच आहे ना? बाजूला हो, तो हौद भरू दे."

तेवढ्यात चावीवाल्या काकांचा फोन. टाकीच्या चाव्या उघडबंद करणारे आमचे काका एरवी देवमाणूस, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. अख्ख्या गावाने एकाच वेळी नळ सोडले होते, आणि टाकी भरभर खाली चालली होती. दुपारपर्यंत शाळेच्या पुढे पाणी खरंच गेलं. त्यामुळे लोकांची खात्रीच पटली, की बघा, भोंगा खोटं बोलत नाही.

साहेबांनी बोलावून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते खूश होते, आणि तेच वाईट होतं. म्हणाले, तुझ्यामुळे घबराट पसरली, त्यामुळे घोषणा थांबवतोय. गाडी फिरली, नियम पाळला गेला, विषय संपला. सुनावणीपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. काढलीस तर काम दुसऱ्याला.

मी तसाच उभा राहिलो. मग साहेब खुर्चीत मागे रेलले आणि पहिल्यांदा माणसासारखे बोलले. "तुला वाटत असेल मी काहीतरी लपवतोय. एक हरकत आली की फाइल वर जाते आणि वर्षानुवर्षं खाली येत नाही. तोवर टेकडीवरच्या बायका पाणी डोक्यावरून वाहणार. त्यांना जाऊन काय सांगायचं? भोंग्याला शंका आली म्हणून थांबा?"

टेकडीचं ते खरंच बोलत होते.

कारण टेकडीवरचं एक माणूस मला चांगलं माहीत होतं. दवाखान्यातली आयाबाई. चादरींची गाठोडी तीच ताईकडे आणते. संध्याकाळी कामावरून सुटली की बरोबर आणलेले दोन कॅन ताईच्या नळावर भरते आणि ते घेऊन टेकडी चढते. कितीतरी वर्षं. ताईने कधी तोंड वाकडं केलं नाही. गप्पा मारत मारत स्वतः कॅन भरून देते, वरून म्हणते, मावशी, तुमच्या टेकडीवर नळ आला की मला चहाला बोलवा, तुमच्या घरचा चहा माझ्याच पाण्याचा असतो, एकदा तुमच्या पाण्याचा पिऊ दे.

त्या संध्याकाळी लाँड्रीत गेलो तेव्हा मावशी नुकती कॅन उचलून गेली होती. मी ताईला सगळं सांगितलं. शाळेच्या पुढची जोडणी, दुसरा टप्पा, निरंक. ताई इस्त्री करत होती. ऐकता ऐकता इस्त्री एका जागी थांबली आणि चादरीवर पिवळा डाग पडला. तिने डाग बघितला, चादर घडी करून बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

मग तू विचार ना जाऊन, म्हणाली. मी म्हटलं, मी खात्याच्या कामावर आहे, माझी हरकत धरणार नाहीत. तू विचार. त्यावर ती हसली. तिचं ते हसू मला आवडत नाही, ते ती स्वतःलाच हसते. म्हणाली, माझ्या हाताला सोडा लागलेला, मी साहेबांपुढे काय बोलणार? आणि साहेबाच्या डोळ्यांवर आले तर आधी माझंच कनेक्शन तपासायला येतील. आहे तेही जाईल.

"जाणारच आहे ताई," मी म्हटलं. "फक्त हळूहळू जाणारे."

तिने पुढची चादर ओढली. मी निघताना मला रोजचा डबा द्यायची विसरली, यावरून काय ते समजलो.

सुनावणीचा दिवस उजाडला. सकाळी गाडीत जाऊन बसलो, बाहेर काढली नाही. नुसता बसलो. मोबाइलमध्ये दोन धुना आहेत. एक टिंग-टाँगची, आणि दुसरी टँकरची. टँकर येतो तेव्हा वेगळी धून लावतो, सनईसारखी लांब. ती वाजली की लोक घरात पळत नाहीत, बाहेर पळतात, भांडी घेऊन, टँकर जिथे असेल तिथे.

म्हणजे ती धून खात्याच्या दारात वाजवली तर अख्खी गल्ली सुनावणीला हजर.

अंगठा त्या बटणावर होता. दुसरा उपाय सुचत नव्हता. मग डोळ्यांपुढे ते अर्ध्या दाढीचे आजोबा आले. गुडघे धरून, दोन पातेली घेऊन, रस्ता ओलांडून येणार, आणि टँकर नसणार. आत नेऊन त्यांना मी काय सांगणार होतो? की खातं तुमच्याशी खरं बोलत नाही, म्हणून मी खोटं बोललो? आणि पुढच्या वेळी खरा टँकर आला की?

अंगठा काढला. मोबाइलच खिशात घातला.

गाडी बाहेर काढली. काम गेलं, हे फाटक उघडतानाच मनात धरलं. धून नाही, रेकॉर्डिंग नाही. माइक तोंडाजवळ धरला आणि बोळात शिरलो. घसा इतका कोरडा की पहिल्यांदा नुसता खाकरलो, आणि ते खाकरणं दोन कर्ण्यांमधून गल्लीभर गेलं.

त्याने काम झालं. लोक दारात आले. टिंग-टाँग नाही, ओळखीची गाडी, आणि कुणीतरी खाकरतंय. नळाकडे कुणीच पळालं नाही. कुणी म्हणालं, भोंग्याला काय झालं? कुणी म्हणालं, कुणी गेलं का?

मी गाडी बंद केली. मॅडमचं नाव घ्यायचं नाही, माहीत नाही ते सांगायचं नाही, एवढं ठरवलं होतं. म्हटलं, "पाणी जाणार नाहीये. आज तरी नाही. टेकडीला आपल्याच टाकीचं पाणी जोडणार आहेत. चांगली गोष्ट आहे, त्यांना पाणी मिळायलाच पाहिजे. मला एकच विचारायचंय. तिकडे गेल्यावर इकडे किती उरणार? आज दुपारी खात्यात सुनावणी आहे. तिथे विचारलं तर सांगावं लागतं. नाही विचारलं तर कुणी सांगणार नाही. ज्याला उत्तर ऐकायचंय त्याने यावं."

हेच प्रत्येक वळणावर बोललो. टेकडीच्या पायथ्याशी पण बोललो. तिथे का गेलो मला माहीत नाही. त्यांना वगळून गेलो असतो तर मी आणि साहेब यांत फरक काय राहिला असता, असं काहीतरी डोक्यात होतं.

ताईच्या दारात बोललो तेव्हा ती बाहेर आली नाही.

दुपारी खात्यातली माडीवरची खोली भरली. खुर्च्या मोजक्याच लावल्या होत्या, त्या लगेच संपल्या, लोक भिंतीला टेकून, जिन्यात, दारात. साहेब आत आले, गर्दी बघितली, मग मला शोधून बघितलं. बाजूला मॅडम बसल्या, समोर नकाशा, त्यांनी वर बघितलंच नाही.

साहेब बोलायला पक्के. आधी योजनेचं कौतुक, मग टेकडीच्या लोकांचे हाल, मग मोठे मोठे आकडे. लोकांचे डोळे जड व्हायला लागले. शेवटी म्हणाले, कुणाची हरकत?

मी हात वर केला. साहेब हसले. म्हणाले, तुम्ही खात्याच्या कामावर आहात, तुमची हरकत धरता येत नाही. आणखी कुणाची?

खोली गप्प. हे मला कळतं, कळत नाही असं नाही. घरात आपण काय काय बोलतो, पण साहेब टेबलामागे बसला आणि बाजूचा कारकून पेन उघडून नाव विचारायला तयार असला, की जीभ टाळूला चिकटते. मी एकेकाकडे बघत होतो. आजोबा बुटांकडे बघत होते. बाजारातला दुकानदार छताकडे. कारकुनाने पेन टेकवलं, आणि तो 'नि' लिहितोय असं मला तिथून दिसल्यासारखं झालं.

"आमची आहे."

जिन्यातून आवाज आला. लोक सरकले. ताई होती. हात कोपरापर्यंत ओले, पदराला पुसत होती. चादरी हौदात टाकून तशीच आली होती.

साहेब म्हणाले, बोला.

ताई घाबरलीय हे मला दिसत होतं, पण आवाज घाबरलेला नव्हता. "टेकडीची लाइन चालू झाली की माझ्या नळाला पाणी किती येणार? खालच्या गल्लीतला शेवटचा नळ."

साहेब म्हणाले, हा तांत्रिक प्रश्न आहे, तुम्हाला लेखी उत्तर पाठवू.

"मला वाचायला वेळ लागतो. तुम्ही तोंडी सांगा."

कुणीतरी हसलं. मग साहेब म्हणाले, सर्वसाधारणपणे फारसा फरक पडणार नाही. ताई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मॅडमकडे बघत होती. "बाई, पाइप तुम्ही काढलेत ना कागदावर? तुम्ही सांगा."

मॅडमनी नकाशावरून हात काढला. साहेब त्यांच्याकडे वळले, पूर्ण खुर्चीसकट. मॅडमना पण घर असणार, नोकरी असणार, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं, आणि वाटलं की मी एका माणसाचं वाटोळं करतोय.

"निम्मं," मॅडम म्हणाल्या. "उन्हाळ्यात त्याहून कमी. दुसरी टाकी होईपर्यंत."

"टाकी कधी होणार?"

"तारीख ठरलेली नाही."

मग सगळे एकदम बोलायला लागले. साहेब टेबल वाजवत होते. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, टेकडीवाल्यांसाठी आम्ही कोरडं बसायचं का? दुसरा म्हणाला, बांधा म्हणावं घरं टेकडीवर, आम्ही सांगितलं होतं? एका क्षणात खोलीचा राग साहेबांवरून उठला आणि टेकडीवर जाऊन बसला. साहेबांनी टेबल वाजवायचं थांबवलं. त्यांना ते बरं पडत होतं.

मग मला आयाबाई मावशी दिसली. खिडकीपाशी, दोन रिकामे कॅन पायाशी ठेवून. सगळे तिच्याकडे बघायला लागले, आणि ती ताईकडे. ताईने मान खाली घातली.

मावशी म्हणाली, "मला हे आत्ताच कळलं. मी समजत होते, आम्हाला नवीन पाणी येणार." थोडी थांबली. "या ताईंच्या नळाचं पाणी मी आताही नेतेच की. त्या देतात म्हणून. आता तेच पाणी त्यांना न विचारता पाइपाने येणार, एवढंच ना? यात नवीन काय दिलं आम्हाला?"

तिने पायाने कॅन बाजूला सारले.

"आम्हाला पाणी पाहिजे," मावशी म्हणाली. "पण असं नको. टाकी आधी बांधा. आणि टाकीपर्यंत आम्हाला काय आणि यांना काय, ते सगळ्यांसमोर ठरवा. माझं नाव लिहा."

कारकुनाने साहेबांकडे बघितलं. ताई पुढे झाली आणि टेबलावर ओला हात ठेवला. म्हणाली, माझं पण लिहा, तिच्याखाली. आणि उठायच्या आधी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवा, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.

"तो आहे की इथे," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "त्याचा आवाज पोचतो."

कारकुनाने लिहिलेलं मी वाचलं. जिथे अवघड शब्द होते तिथे थांबून मॅडमना अर्थ विचारला आणि तोसुद्धा मोठ्याने सांगितला. जिन्यातला माणूस म्हणाला, परत एकदा. परत वाचलं.

बाहेर पडताना साहेबांनी माझ्याकडून गाडीवरची खात्याची पाटी काढून घेतली. स्वतः. स्क्रू काढायला वेळ लागत होता, मीच स्क्रूड्रायव्हर दिला.

फाइल वर गेली, साहेब म्हणाले होते तशीच. पण वर्षानुवर्षं नाही बसली, कारण गल्लीतले आणि टेकडीवरचे दर आठवड्याला खात्यात जाऊन बसायचे, एकत्र, आणि कुणी ना कुणी विचारायचंच. टाकी आधी नाही झाली. तेवढं जिंकलो नाही. जोडणी झाली, पण एक दिवस टेकडीला आणि एक दिवस खालच्या गल्लीला, आणि कुठला दिवस कुणाचा ते खात्याच्या दारावर लिहिलेलं असतं. टाकीची जागा आखलीय, खड्डा अजून खणायचाय. ताईने दवाखान्याशी बोलून चादरी एक दिवसाआड करून घेतल्या. कमी येतात. मधल्या दिवशी ती शेजारच्यांचे कपडे इस्त्री करते. कुलूप नाही लागलं. मॅडमची बदली झाली, म्हणतात त्यांनीच मागितली होती. मला ते खरं वाटत नाही. मावशीने ताईला चहाला बोलावलं होतं, ताई जाऊन आली, म्हणाली, पाणी तेच, चहा मात्र बरा करते.

मी आता लग्नाबिग्नाला कर्णे लावतो.

खात्याच्या गाडीवर नवीन पोरगा आलाय. धून माझीच ठेवलीय. परवा लाँड्रीत जेवत बसलो होतो आणि बाहेर वाजलं, टिंग-टाँग-टिंग. ताई हातातला घास टाकून उठली, पाय नळाकडे, सवयच ती. नळ सोडला, हौदात पाइप सरकवला. आणि मग ओल्या हातांनीच दारात गेली, मला म्हणाली, थांब रे, चावू नकोस, ऐकू दे तो काय म्हणतोय.